हातचा एक
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही केवळ मॅट्रिक. उभा जन्म प्राथमिक शाळेत बेरजा शिकविण्यात गेला. असे असता संगणकाच्या अंतरंगाविषयी आम्ही बोलावे, हे धाडसच होय. परंतु ती विद्या आम्हांस दौहित्रापायी शिकावी लागली. तिचे मूळ आज आपणांपुढे ठेवतो.

हा मुलगा पदविकेच्या वर्गात 'डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स' या विषयात दोनदा अनुत्तीर्ण झाला आणि शिक्षण सोडण्याची भाषा बोलू लागला. आम्ही त्याची वही पाहिली. 'अँड', 'ऑर', 'नॉट' यांचे तक्ते त्याने पाढ्यांसारखे घोकले होते. अर्थ एकाचाही उमगला नव्हता. आम्ही मनोमन लज्जित झालो. घोकण्याची ही सवय त्याला लहानपणी आम्हीच लावली होती.

मग आम्ही दोघे जिन्यापाशी गेलो. तेथील दिव्याला खाली एक व वर एक खटका आहे. प्रत्येकाच्या दोन स्थितींना शून्य व एक अशी नावे दिली. एकंदर चारच प्रकार संभवतात. ते करून पाहिले व कागदावर मांडले. आमच्या जिन्यात दोन्ही खटके सारखे असता दिवा मालवतो, भिन्न असता उजळतो. हाच 'एक्सॉर'चा तक्ता.

आता बेरीज पाहावी. यंत्रास शून्य व एक एवढेच अंक ठाऊक. आपण दहा झाले की हातचा घेतो, ते दोन झाले की घेते. म्हणून एक अधिक एक यांच्या बेरजेत एकंस्थानी शून्य येते आणि हातचा एक राहतो. चारही बेरजांतील एकंस्थानचे अंक जिन्याच्या तक्त्याशी तंतोतंत जुळले. हातचा मात्र दोन्ही अंक एक असतील तेव्हाच येतो. ते 'अँड'चे कार्य. या दोहोंची जोडी म्हणजे 'हाफ ॲडर'. नातू उद्गारला, "आजोबा, हा तर तुमचाच हातचा!"

या गणिताचा जनक जॉर्ज बूल (१८१५–१८६४) हा इंग्लंडातील लिंकन येथील जोडे करणाऱ्या कारागिराचा पुत्र. सोळाव्या वर्षी तो शाळामास्तर झाला. विद्यापीठात शिकण्याचा योग त्यास आला नाही; तथापि स्वाध्यायाच्या बळावर १८४९ साली तो आयर्लंडात कॉर्क येथे प्राध्यापक झाला. पुढे १९३७ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन तरुणाने आपल्या प्रबंधात तेच गणित विजेच्या खटक्यांस लागू करून दाखविले.

नातू तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला. गुण बेताचेच, परंतु शिक्षण सुटले नाही.

पालकांस एवढीच विनंती की, मुलगा वा मुलगी अडली तर "तुझ्याने व्हायचे नाही" असे म्हणू नये. तक्ता पाठ करवून न घेता तिच्या हाताने मांडवून घ्यावा. मंडळाने रविवारी एक फळा, दोन खटके व एक दिवा दिल्यास आम्ही शिकविण्यास, आणि स्वतः शिकण्यासही, सिद्ध आहोत.