दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे : ज्ञातिसेवा आणि राजसेवा
(ज्ञातिमंडळाच्या बिद्री येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्यापैकी एखादा मुलगा वकील होऊन अधिकारपदावर चढला, की घरोघरी एकच प्रश्न निघतो : 'आता हा ज्ञातीसाठी काय करील ?' प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी आज अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे यांचे चरित्र आपणांसमोर ठेवीत आहे. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. परंतु ज्ञातिसंस्थेचे मर्म त्यांनी पुरते ओळखले होते.

आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे एका जैन कुटुंबात १८७८ साली त्यांचा जन्म झाला. येथून फार दूर नसलेल्या निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्री १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली, तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत हा तरुण अग्रभागी होता. एम्. ए., एल्एल्. बी. होऊन त्यांनी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अध्यापन केले. शेतकरी जैन कुटुंबांतील मुलांना शहरात राहून शिकता यावे, ही त्यांची तळमळ होती. ज्ञातिसभा म्हणजे त्यांच्या दृष्टीने विद्येच्या मंदिराची पहिली पायरी होय.

आपल्या कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी राज्याच्या नोकऱ्यांत शेकडा ५० जागा राखून ठेवल्या. त्या युगाशी अण्णासाहेबांचे नाते जडलेले होते. परंतु १९१४ मध्ये कोल्हापुरात इंग्लंडच्या राजाराणीच्या पुतळ्यांना डांबर फासण्याचा प्रकार घडला आणि संशयाची छाया अण्णासाहेबांवर पडली. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून एका तरुणावर दडपण आले. त्याने कारावास व छळ सोसला, परंतु खोटी साक्ष दिली नाही. तो तरुण म्हणजेच पुढे रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक झालेले कर्मवीर भाऊराव पाटील. अण्णासाहेबांनी कोल्हापूर सोडले व बेळगावी वकिली मांडली.

अशा प्रसंगी दुसरा कोणी आयुष्यभर वैर जोपासता. अण्णासाहेबांचा पिंड निराळा होता. १९२१ मध्ये सुरू झालेल्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे ते सभासद झाले. महाराजांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १९२४ साली, त्यांचे इंग्रजी चरित्र दोन खंडांत प्रसिद्ध झाले; त्याचे लेखक खुद्द अण्णासाहेबच ! ज्या राज्यात आपल्यावर किटाळ आले, त्या राज्याच्या अधिपतीचे कार्य जगापुढे मांडताना त्यांनी स्वतःची जखम आड येऊ दिली नाही. पुढे १९२६ मध्ये राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत ते त्याच राज्याचे दिवाण झाले. ज्या नगरीतून त्यांना जावे लागले होते, तिच्या कारभाराची सूत्रे आता त्यांच्या हाती आली.

१९३७ मध्ये मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले, तेव्हा अर्थखाते त्यांच्याकडे आले. सरकारने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी सुरू केली. दारूचे उत्पन्न बुडणार, मग खजिना भरावयाचा कसा ? त्यासाठी शहरातील इमारतींवर व जमिनींवर कर बसविण्यात आला. श्रीमंत घरमालकांचा रोष होणार हे उघड होते; तथापि मजुराच्या घरातील चूल पेटती राहावी, याचा भार सधनांनी उचलावा, असा त्या कराचा अर्थ होता. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १९५० साली अण्णासाहेब निवर्तले.

बंधुभगिनींनो, आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. अण्णासाहेब ज्ञातीचे ऋण विसरले नाहीत. ते त्यांनी शिक्षणाच्या रूपाने फेडले. अधिकाराच्या खुर्चीवर बसल्यावर मात्र सारी प्रजा हीच त्यांची ज्ञाती झाली. आपल्या अधिकारी मुलाकडे शिफारसपत्रासाठी जाण्याचा मोह आपण आवरला पाहिजे. आपण त्याच्याकडे वसतिगृहासाठी वर्गणी मागावी, गरीब विद्यार्थ्याच्या पुस्तकांसाठी साहाय्य मागावे. आणि त्याच्या कचेरीत परक्या ज्ञातीच्या माणसालाही न्याय मिळाला, असे कानी आले तर अभिमानाने मान उंच करावी.

दूधगंगा-वेदगंगेच्या या खोऱ्यात सहकाराचे मळे फुलले आहेत. एकाच्या शेतातील ऊस दुसऱ्याच्या उसाबरोबर एकाच चरकात जातो, तेथे कोणी ज्ञाती विचारीत नाही. न्यायाची रीतही हीच असावी.