ग्रंथालयातली नऊ पुस्तकं

नोव्हेंबर १९७५. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका संध्याकाळी शाळा मंडळाचे दोन सदस्य हायस्कूलच्या ग्रंथालयात शिरले. हाती ‘आक्षेपार्ह’ पुस्तकांची यादी. पुस्तकांच्या नोंदकार्डांचे खण उघडून ताडून पाहिलं, तर ९ पुस्तकं सापडली. त्यांत होती ‘गो आस्क अ‍ॅलिस’, म्हणजे नशेच्या विळख्यात सापडलेल्या किशोरवयीन मुलीची रोजनिशीच्या रूपातली कहाणी. आणि कर्ट व्होनेगटची ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’. मंडळाने पुस्तकं हलवली. मग पालक आणि शिक्षकांची समिती नेमली. तिने काही ठेवा म्हटलं, तर तिचंही पुरतं ऐकलं नाही. मग नेमली कशाला, देव जाणे!

स्टीव्हन पिको हा विद्यार्थी सोबत्यांसह कोर्टात गेला. १९८२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ अशी मुलांची सरशी झाली. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं, की विचार पटत नाहीत एवढ्यावरून शालेय ग्रंथालयातलं पुस्तक काढता येणार नाही. ते निव्वळ अश्लील असेल तर गोष्ट वेगळी. पण मुलांच्या बाजूच्या पाचही न्यायमूर्तींचं कारणांवर एकमत नव्हतं, आणि अभ्यासक्रमातल्या पुस्तकांना निकालाने हातच लावला नाही. या फटी आजही वादाला पुरतात. पुस्तकं ग्रंथालयात परतली खरी, पण सुरुवातीला एका अटीवर: मुलाने पुस्तक नेलं, की घरी कळवायचं.