परताव्याच्या दरात न बसणारं मूल



मी बंगळूरच्या महादेवपुरा भागातल्या एका कॉलेजात पदवीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. माहेर सोलापूरचं, त्यामुळे कन्नड कानाला नवं नव्हतं. आज मला दोन अभ्यासक्रमांबद्दल बोलायचंय. एक माझा. दुसरा बालवयातल्या विशेष शिक्षणाचा, म्हणजे जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या दिव्यांग मुलांना शिकवायचं कसं, याचा. पहिल्याचं नाव काढलं की पालक विचारतात, ‘पुढे एमबीए करता येईल ना?’ दुसऱ्याचं काढलं की विचारतात, ‘म्हणजे नर्सरी टीचर का?’

हे दोन विषय आपल्याकडे एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत. विशेष शिक्षणाची पदविका भारतीय पुनर्वास परिषदेच्या अखत्यारीत. तिचा कायदा १९९२ चा, तिची नोंदणी वेगळी, संस्था वेगळ्या. अर्थशास्त्र विद्यापीठाकडे. आमच्या कर्नाटकात २०२१ साली चार वर्षांची पदवी आली आणि २०२४ मध्ये पुन्हा तीन वर्षांवर गेली. तशी शिफारस करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते आपले सुखदेव थोरात, तेही अर्थशास्त्रज्ञच. एवढी उलथापालथ झाली, पण या दोन विषयांची गाठ काही पडली नाही.

खरं तर ती साठ वर्षांपूर्वीच पडलेली आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यात इप्सिलँटी नावाचं गाव आहे. तिथल्या शाळांच्या विशेष सेवांचा कारभार डेव्हिड वायकार्ट हे गृहस्थ पाहत. गरीब कृष्णवर्णीय मुलं पुढे शाळेत मागे पडतात, हे त्यांना दिसत होतं. १९६२ साली त्यांनी पेरी शाळेत तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी वर्ग सुरू केला. एकूण मुलं १२३. त्यांतली ५८ वर्गात घेतली, बाकीची तुलनेसाठी ठेवली. रोज सकाळी अडीच तास वर्ग आणि आठवड्यातून एकदा बाई मुलाच्या घरी. एवढंच. पुढे ही मुलं चाळिशीची होईपर्यंत त्यांची माहिती ठेवली गेली: शिक्षण किती झालं, पगार किती, तुरुंगात कोण गेलं. या आकड्यांवरून नोबेल मिळवलेले अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, की या खर्चावर समाजाला वर्षाला ७ ते १० टक्के परतावा मिळाला.

हा आकडा आता जगभर फिरतो. बालशिक्षणावरच्या सरकारी अहवालात, स्वयंसेवी संस्थांच्या माहितीपत्रकात, आमच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात. मुलांना तो आवडतो, कारण करुणा आणि व्याजदर एकाच वाक्यात येतात.

पण त्या १२३ मुलांची निवड कशी झाली होती? बुद्ध्यंक कमी असलेली मुलं घेतली, मात्र ज्यांच्यात शारीरिक किंवा मेंदूच्या दोषाची लक्षणं दिसली, ती वगळली. संशोधनाच्या दृष्टीनं ते समजण्यासारखं आहे. पण त्याचा अर्थ असा, की विशेष शिक्षणाच्या टेबलावर जन्मलेल्या सगळ्यात प्रसिद्ध आकड्यात विशेष मूलच नाही. त्याच्यासाठी पैसे मागायला उभं राहून आपण जेव्हा हा दर सांगतो, तेव्हा दुसऱ्याच मुलाचा हिशेब देत असतो. आणि समोर एखादा हुशार अधिकारी असला तर तो विचारणार, ‘या मुलाचा परतावा किती?’ सेरेब्रल पाल्सी असलेली एखादी मुलगी तीन वर्षांच्या मेहनतीनंतर स्वतःच्या हातानं पेला धरते. पगाराच्या रकान्यात तो पेला कुठं लिहाल?

याचं उत्तर अर्थशास्त्रातच आहे, फक्त आम्ही ते शेवटच्या आठवड्यात घाईघाईनं उरकतो. १९७९ साली अमर्त्य सेन यांनी स्टॅनफर्डला ‘समता कशाची?’ या विषयावर व्याख्यान दिलं. मुद्दा साधा आहे. समाजाचं एकूण समाधान वाढवणं हेच ध्येय धरलं, तर ज्याला रुपयातून जास्त सुख मिळतं त्याला रुपया द्यावा लागतो. आणि अपंग माणसाला त्याच रुपयातून कमी मिळतं म्हणून त्याच्या वाट्याला कमी येतो. सेन म्हणाले, इथं गणित बरोबर असेल, पण कसोटी चुकली आहे. माणूस काय करू शकतो, हे मोजा. पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट उलगडली. अपंगत्वामुळे कमाई घटते हे सगळ्यांना कळतं. पण हातात आलेल्या पैशातून जगणं उभं करायलाही जास्त पैसा लागतो, हे कुणी धरत नाही. विब्के कुक्लिस या संशोधिकेनं ब्रिटनमधले आकडे तपासले होते. दारिद्र्यरेषेखालच्या घरांत राहणारे लोक सुमारे १८ टक्के. घरात दिव्यांग व्यक्ती असेल तर २३ टक्के. आणि अपंगत्वाचा जादा खर्च हिशेबात धरला तर ४७ टक्क्यांच्या वर!

आता महादेवपुऱ्यात या. एका बाजूला व्हाइटफील्ड आणि आयटीपीएल, दुसऱ्या बाजूला आउटर रिंग रोड. नवरा-बायको दोघं आयटीत, पुण्याहून किंवा नागपूरहून आलेले. मूल अडीच वर्षांचं होतं आणि बोलत नाही. थेरपीचं एक सत्र पाऊण तासाचं. समजा हजार रुपये. आठवड्याला चार सत्रं म्हणजे महिन्याला सोळा हजार. हा दिसणारा खर्च. न दिसणारा असा, की दुपारी तीनला मुलाला घेऊन त्या वाहतुकीतून जाणार कोण? सहा महिन्यांत कुणाची तरी नोकरी सुटते, आणि कुणाची ते मी सांगायला नको. आम्ही वर्गात संधी खर्च शिकवतो तो गहू आणि कापडाच्या आलेखानं. त्या आईचा राजीनामा हे त्याचं जास्त चांगलं उदाहरण आहे.

तिच्या इमारतीच्या पलीकडे नवी इमारत उठत असते. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये मजुरांची मुलं. त्यांतलं एखादं पाच वर्षांचं मूल अजून आईच्या कडेवर असतं. त्याचा थेरपीवरचा खर्च शून्य. म्हणून कुठल्याही पाहणीत त्याचा बोजाही शून्य दिसतो.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मोफत शिक्षणाचा हक्क दिला तो ६ ते १८ वयासाठी, तोही ठरावीक प्रमाणाहून जास्त अपंगत्व असलेल्यांना. सहाच्या आधी राज्यघटना म्हणते, शासन ‘प्रयत्न करील’. मेंदूची वाढ सगळ्यात झपाट्यानं होते त्या वर्षांत प्रयत्न, आणि नंतर हक्क. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं प्राथमिक शाळेत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण ठरवून दिलं. तेही शाळेपासून पुढे.

त्याआधीचा भार अंगणवाडीवर. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्रानं दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल आणला: लक्षणं ओळखा, मुलाला सामावून घ्या, पुढे पाठवा. उत्तम कागद आहे. पण हे करणाऱ्या ताईला केंद्राचं मानधन २०१८ पासून महिना ४,५०० रुपये, वर राज्य घालेल ते. पगार नव्हे, मानधन. विशेष शिक्षणाच्या विद्यार्थिनींनी अर्थशास्त्र शिकावं असं मला वाटतं ते इथं. आपल्या श्रमाची किंमत कोण ठरवतं, बजेट कसं वाचायचं, हे त्यांना कुणी सांगत नाही. त्यांना संयम शिकवतात.

आपल्याकडे हे दोन्ही एकाच डोक्यात नांदलेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, नंतर कोसबाडला. वारली मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं राखत. तेव्हा या बायकांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! त्या घरांना मुलाचा वेळ किती महाग पडतो, हे त्यांनी आधी पाहिलं. त्याच पालघरच्या पट्ट्यातून २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, मुलांतले दोष लवकर शोधण्यासाठी.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. मूल उशिरा बोलतंय म्हटल्यावर अनेक मराठी घरांना सल्ला मिळतो, ‘घरात फक्त इंग्रजी बोला.’ माझ्या शेजारी एका घरात हे झालं आणि आजी गप्प झाली. कॅनडात डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांवरचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. दोन भाषांत वाढणारी मुलं इंग्रजीत एकभाषिक मुलांपेक्षा मागे पडली नव्हती. आणि हिशेबच करायचा तर आजी म्हणजे दिवसाचे आठ तास, बिनपगारी, मुलावर जीव असलेली शिक्षिका. तिला गप्प बसवून आपण सत्रामागे हजार रुपयांनी परकी भाषा विकत घेतो. पालकांनो, थेरपिस्टला हा प्रश्न जरूर विचारा. आणि नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्याचीही चौकशी करा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्व असलेल्यांना त्यात एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं.

गेल्या वर्षापासून मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एक काम देते. जवळच्या अंगणवाडीत परवानगी घेऊन एक सकाळ बसायचं आणि ताईचं प्रत्येक मिनिट लिहायचं: आहार, वजन, रजिस्टर, फोनवरची नोंद, मुलं. सोबत विशेष शिक्षणाची पदविका करणारी एक विद्यार्थिनी असते. एका मुलानं घड्याळ लावून लिहिलं होतं, ‘शिकवणं, २२ मिनिटं.’ शेजारी बसलेल्या मुलीनं ते खोडलं आणि लिहिलं, ‘आहार वाढताना ताई त्या न बोलणाऱ्या मुलाकडून प्रत्येक घासाला खूण करून घेत होती. तेही शिकवणंच. ४१ मिनिटं.’ मग त्या दोघांत जे भांडण झालं, ते आठवडाभर चाललं. यंदा मी त्या भांडणाला पंधरा गुण ठेवलेत.