न्हाऊन आलं की डोकं दुखतं?

आज गॅसच्या गीझरबद्दल बोलायचंय, पण सुरुवात माझ्या धाकट्या जावेपासून करते.

आमचं गाव फुलंब्री तालुक्यातलं. स्लॅबचं घर झालं तेव्हा बंब गेला आणि न्हाणीत गॅस गीझर आला. लाइटीचा भरवसा नाही, सरपण कोण फोडणार, म्हणून सगळ्यांनाच बरं वाटलं. पहिल्याच हिवाळ्यात जाऊबाई डोक्यावरून न्हायली की कपाळ धरून बसायची. मळमळायचं, पाय लटपटायचे. सासूबाई म्हणाल्या, अंगात रक्त कमी आहे. मीही तिला शेंगदाणे-गूळ खा म्हणाले. एका सकाळी ती कडी काढून बाहेर आली आणि उंबऱ्यातच कोसळली. दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरीणबाईंनी आधी एवढंच विचारलं, "गीझर न्हाणीच्या आत आहे का? खिडकी उघडी असते का?"

खिडकी म्हणजे वीतभर झरोका. थंडी येते म्हणून त्यात पोतं कोंबलेलं. ते मीच कोंबलं होतं.

गॅस जळायला हवा लागते. चार बाय पाचच्या बंद न्हाणीतली हवा गीझर भराभर खातो. मग गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. सिलेंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. या वायूला ना वास, ना रंग. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. आधी डोकं दुखतं, चक्कर येते, मग हातपाय गळतात. कडी काढायचंही भान राहत नाही. 2020 च्या जानेवारीत मुंबईत बोरिवलीला एक शाळकरी मुलगी अशीच अंघोळीला गेली आणि बेशुद्ध सापडली. ती वाचली नाही.

म्हणून गीझर न्हाणीत नकोच. आम्ही तो मागच्या भिंतीला बाहेर, पत्र्याच्या आडोशाला लावून घेतला. आत फक्त गरम पाण्याचा पाइप येतो. पाइपाच्या खर्चावरून घरात कुरकुर झाली, ती मी ऐकून घेतली. तुमच्याकडे लगेच जमत नसेल तर तोवर एवढं करा: दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, रेग्युलेटरही बंद करा, मगच कडी लावून अंघोळ करा. झरोका मोकळाच ठेवा. एकामागून एक पाच जणांनी गीझर चालू ठेवून न्हायचं नाही.

आता साफसफाई. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. हंड्याला पांढरा थर बसतो तसाच गीझरच्या आतल्या नळीतही बसतो. पाणी येतं त्या तोंडाशी बारीक जाळी असते. पाण्याचा कॉक बंद करून ती काढायची, जुन्या टूथब्रशने घासून परत बसवायची. हे आपल्याला जमतं. पाणी कमी येत असेल किंवा गीझर पेटत नसेल तर आधी ही जाळी आणि खालचे सेल बघा.

बर्नर मात्र मिस्त्रीचं काम. उन्हाळा-पावसाळा गीझर बंद असतो, तेवढ्यात कोळी आत जाळं करतो, धूळ बसते. म्हणून दिवाळीच्या आधी, पहिली थंडी पडायच्या आत, मिस्त्रीला बोलावून बर्नर आणि वरची काजळी साफ करून घ्या, नळीतला थरही काढून घ्या. साफ झाल्यावर त्याच्यासमोर गीझर पेटवून ज्योत बघा. निळी हवी. पिवळी, तांबूस, लांब जीभ काढणारी दिसली तर पैसे द्यायची घाई करू नका.

गॅसची रबरी नळी 5 वर्षांनी बदलायची. सांध्यांना साबणाचा फेस लावून बघा, बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांना लांब ठेवा. गॅसचा वास आला तर लाइटीचं बटण दाबू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा आणि बाहेर येऊन 1906 ला फोन करा.

आणखी एक, विषय निघालाच आहे म्हणून. बाळंतिणीच्या खोलीत शेकायला कोळशाची शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावतात. वायू तोच. बाळ तर सांगूही शकत नाही. शेक झाला की शेगडी बाहेर, आणि चालू असेपर्यंत खिडकी उघडी.

न्हाणीत गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर वाट बघू नका. दार तोडा, गीझर बंद करा, तिला अंगावर काहीतरी टाकून मोकळ्या हवेत आणा, लाजेपायी दार धरून ठेवू नका. आत जास्त वेळ थांबू नका, नाहीतर तुम्हीही पडाल. 108 ला फोन करा. शुद्धीवर आली तरी दवाखान्यात न्याच, आणि तिथं गेल्याबरोबर सांगा की घरात गॅस गीझर आहे.