व्यसनमुक्तीचा धडा कोणी लिहावा?



माझे शाळेचे शिक्षण थोडे. पुढचे सारे विडी कामगारांच्या सभांत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आज मी पंडित म्हणून उभा नाही. या विषयाशी माझा संबंध एका चुकीमुळे आला, ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी तंबाखूच्या दुष्परिणामांची एक चित्रफीत मी आमच्या कामगारांच्या फोनवर पाठविली. वाटले, मोठे काम झाले! दुसऱ्या दिवशी गोंदियाजवळच्या एका खेड्यात विडी वळत बसलेली बाई म्हणाली, "भाऊ, तंबाखू इतका खराब हाये, त मी दिवसभर काय वळून राहिली? अन् उद्या वळलं नाही, त खाऊ काय?" मी निरुत्तर झालो. तिच्या शेजारणीने तर ती चित्रफीत पाहिलीच नव्हती. घरात फोन एक, तो नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा गुत्त्यावर.

धड्यातील माहिती खरी होती. परंतु ज्यांच्यासाठी धडा, त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते. समाजकार्याच्या संशोधनाची गरज येथे पडते. हे संशोधन म्हणजे काही अगम्य वस्तू नव्हे. आधी घरोघर ऐकावे, त्यावरून धडा बांधावा, थोड्या लोकांत तो करून पाहावा, आणि शेवटी फरक पडला की नाही ते मोजावे. मागणीपत्रक तयार करताना आम्ही पहिले काम हेच करतो. मोजण्याचे मात्र विसरतो.

मोजल्याने काय कळते, याचे उदाहरण गोव्यात आहे. तेथील 'संगाथ' संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या साध्या माणसांना समुपदेशन शिकविले. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ३७७ हानिकारक मद्यपान करणारे पुरुष निवडून त्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या उपचारांखेरीज समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार बैठकी दिल्या. २०१७ साली निकाल प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनंतर हानिकारक मद्यपानातून बाहेर आलेले समुपदेशनाच्या गटात शेकडा ३६ होते, दुसऱ्यात २६. दहाचा फरक कोणाला थोडा वाटेल. पण शंभर घरांपैकी त्या दहा घरांतल्या बायकांना विचारा!

गोव्यातील बैठकी समोरासमोर झाल्या. फोनवरच्या धड्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे. तो आपल्या बोलीत, कानांनी ऐकण्याजोगा असावा. त्यात खर्ऱ्याचे नाव खर्राच असावे. नवऱ्याच्या फोनवाचून, संघटनेच्या कचेरीत बसून बाईला तो ऐकता यावा. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून काय करावे आणि दुसरा रोजगार कोठे मिळेल, हेही त्यात हवे. रोज पिणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून दारू एकाएकी तोडणे जिवावर बेतू शकते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ आणि नशामुक्तीसाठी १४४४६ हे सरकारी क्रमांक आहेत. ते प्रत्येक धड्याच्या शेवटी ऐकू यावेत.

संशोधकांना माझी विनंती एवढीच, की आमच्या ओसरीवर येऊन आधी बसा. धडा फसला तर तेही छापा, लपवू नका. आणि माझ्या कामगार बंधूंनो, ते विचारतील तेव्हा खरे सांगा. त्या बाईला मी अजून उत्तर देणे लागतो. ते एकट्याने देता येणार नाही, म्हणून आज आपल्यापुढे आलो.