सगळे बी एका दिवशी मातीत घालू नका
(देवणी येथील बैठकीतील भाषण)



कापसाची वेचणी संपली, ज्वारी काढणीला आली, विहिरीत थोडे पाणी आहे. अशा वेळी घरोघरी विचार निघतो की पाच-दहा गुंठ्यांत भेंडी, गवार, दोडका लावावा. उन्हाळ्यात भाजी महागते, चार पैसे हाती येतील. हा हिशेब बरोबर आहे. तो मोडतो पहिल्या पंधरवड्यात, बी मातीत असताना.

शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते असे आपण म्हणतो आणि तो दिवस धरून सगळे बी एकदम टोकतो. पण 2014 साली शिवरात्र 27 फेब्रुवारीला होती. त्याच सुमारास मराठवाड्यात गारपीट सुरू झाली, ती मार्चच्या मध्यापर्यंत चालली. उभी ज्वारी आडवी झाली, हरभरा गेला. तिथे दोन पानांवरच्या भेंडीचा काय टिकाव लागणार?

म्हणून आमचे पहिले सांगणे : बियाण्याचे तीन वाटे करा आणि दहा-बारा दिवसांच्या अंतराने पेरा. एक थंडीत सापडला, एक गारांत गेला, तरी तिसरा हाती राहतो. तोडेही एकदम येत नाहीत, भाव पडला तर सगळा माल त्यात सापडत नाही.

दुसरे : मेथी, पालक, कोथिंबीर थंडी सोसतात, त्या आधी घ्या. भेंडी, काकडी, दोडका, कारले यांना ऊब लागते. जमीन 17 अंशांपेक्षा गार असेल तर भेंडी नीट उगवत नाही, बी ओलीत कुजते. पहाटे रान पायाला गार लागते तोवर थांबा.

तिसरे : पाकीट फोडले की लगेच पेरू नका. प्रमाणित भेंडी बियाण्याची उगवण किमान 65 टक्के असावी असा नियम आहे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उबेला ठेवा, आठवड्याने मोजा. कमी भरले तर पाकीट व पावती जपा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या.

चौथे : काळ्या रानात आधी सरी भिजवा, वाफसा आला की वरंब्याच्या बगलेला बी टोका. बोटाच्या एका पेराहून खोल नको. भेंडीचे बी रात्रभर, कारल्याचे दिवसभर भिजवून घ्या. अवकाळी सर पडून मातीवर पपडी धरली तर खुरप्याने हलकेच फोडा, नाहीतर कोंब आतच अडतो.

आता सरकारचे. गारपिटीच्या मदतीसाठी पूर्वी 50 टक्के नुकसानीची अट होती, 2015 साली ती 33 टक्के झाली. पण सातबाऱ्यावर पिकाची नोंदच नसेल तर पंचनाम्यात ते येणार कसे? भाजी घरापुरती म्हणून आपण सोडून देतो. 2021 पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर आपणच करायची आहे. पाच गुंठे असले तरी नोंदवा. ज्यांना जमत नाही त्यांच्याजवळ गावातल्या शिकल्या पोरांनी बसावे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने शंभर दाण्यांपैकी किती उगवले तो आकडा आणि पाकिटावरचा लॉट नंबर आणावा. एकट्याची तक्रार दुकानदार उडवून लावतो. वीस गावांचे आकडे एका कागदावर आले की त्याला उत्तर द्यावे लागेल.