निद्रिताची वेदना



नेसरीहून गडहिंग्लजला वा कोल्हापूरला शस्त्रक्रियेसाठी गेलेल्या रुग्णाचे आप्त बहुधा एकच प्रश्न विचारतात : ‘भूल दिल्यावर काही कळणार नाही ना?’ कळणार नाही, हे उत्तर खरे. पण ते अपुरे आहे.

संपूर्ण भुलीने जाणीव मावळते, देह मात्र जागा राहतो. शस्त्र लागताच मज्जातंतूंमार्फत वार्ता मेंदूकडे जाते. पियुषिका ग्रंथीच्या आज्ञेने मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल स्रवतात. ॲड्रिनॅलिनने नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. मधुमेह नसलेल्याचीही रक्तशर्करा वाढते. संकटात जीव तगवण्याची ही निसर्गयोजना. तिचा अतिरेक झाला तर हृदयावर भार पडतो आणि स्नायू झिजतात.

केवळ निद्रा आणणारा वायू हा क्षोभ पुरता शमवू शकत नाही. फेंटॅनिलसारखी अफूवर्गीय वेदनाशामके तो शमवतात. पायाच्या वा ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेत कण्यातून दिलेली भूल ती वार्ताच वाटेत अडवते.

एके काळी अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना शस्त्रक्रियेत अनेक ठिकाणी प्रबळ वेदनाशामक दिले जात नसे. त्यांना वेदना कळत नाहीत, असा समज होता. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी ऑक्सफर्ड येथे त्यांच्या रक्तातील संप्रेरके मोजली. १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : फेंटॅनिल दिलेल्या अर्भकांत क्षोभ पुष्कळ कमी होता आणि पुढील गुंतागुंतही कमी झाली. मुक्या जीवाची साक्ष रक्ताने दिली.

मात्र हा क्षोभ समूळ दडपणेही घातक ठरते. अतिदक्षता विभागात एटोमिडेट हे औषध सतत दिलेल्या रुग्णांत मृत्यू वाढल्याचे १९८३ साली आढळले. ते औषध कॉर्टिसॉलची निर्मितीच रोखत होते. म्हणून ध्येय शमनाचे, उच्छेदाचे नव्हे.

यास्तव दीर्घकाळ स्टेरॉईड घेणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी भूलतज्ज्ञांस सर्व सांगावे; स्वतःहून औषध बंद करू नये. उपवास वा चौविहार असल्यास तेही सांगावे. प्रकृती पाहून शस्त्रक्रियेपूर्वी दोन तासांपर्यंत साधे पाणी घेता येते.

जो बोलू शकत नाही त्यालाही वेदना असते, ही जिनशासनाची शिकवण. भूलशास्त्रालाही अखेर तेच मान्य करावे लागले. निद्रिताच्या देहाची काळजी घेणे, ही अहिंसाच होय.

जय जिनेंद्र!